ड्रॉइंगचे सर मोकळेच असतात

1 जुलैला कृषिदिन, 29 ऑगस्टला क्रीडादिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 26 नोव्हेंबरला संविधान दिन, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 12 जानेवारीला जिजाऊंची, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. शाळेत ही यादी कुणाला तोंडपाठ असेल तर ती चित्रकलेच्या शिक्षकाला. कारण फाटकातून आत आल्या आल्या दिसणारा तो मोठा फळा. आदल्या दिवशी शाळा सुटली की ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, स्टुलावर चढायचं, रंगीत खडू पाण्यात बुडवून सावित्रीबाईंच्या कपाळावरची चिरी रेखायची आणि शेजारी वळणदार अक्षरात दोन ओळी लिहायच्या. सकाळी मुख्याध्यापक फोटो काढून शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, अंगठ्यांचा पाऊस पडतो, संध्याकाळी शिपाईमामा फळा पुसतात. 15 एप्रिलला जागतिक कलादिन असतो. लिओनार्दो दा विंचीचा तो जन्मदिवस, युनेस्कोनं 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण तेव्हा आपल्याकडे वार्षिक परीक्षेची धांदल असते, त्यामुळे फळ्यावर बहुधा बैठक व्यवस्था लागलेली असते. तीही ड्रॉइंगच्या सरांच्याच अक्षरात.

फळ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण स्नेहसंमेलनाचं नेपथ्य, गणपतीचं मखर, दहावीच्या निरोप समारंभाचा फलक, विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांची शीर्षकं, प्रमाणपत्रांवरची नावं, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, निवृत्त होणाऱ्या लिपिकाचं मानपत्र, हे सगळं त्यांच्याकडेच येतं. फ्लेक्सचा जमाना आला तेव्हा हा भार हलका होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. आता फ्लेक्सवरचा मजकूर जुळवून, मोबाइलवर मांडणी करून छपाईवाल्याला पाठवायचं कामही सरांचंच, आणि तेही रात्री दहा वाजता, कारण संस्थेच्या कार्यवाहांचा फोटो तोवर आलेला नसतो.

यात कुणी त्यांचा अपमान करत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. उलट कौतुकच करतात. 'तुमच्या हातात जादू आहे' हे वाक्य मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक कलाशिक्षकानं इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याला त्याची धास्ती बसलेली असते, कारण पाठोपाठ एखादा पुठ्ठा पुढे येतो. शाळेला त्यांचा हात हवा असतो. तास मात्र नको असतो.

तासाची गोष्ट वेळापत्रकापासून सुरू होते. अनुदानित मराठी शाळेत चित्रकलेला सहसा आठवड्याला एक किंवा दोन तास मिळतात आणि ते मधल्या सुट्टीनंतरचे असतात. सकाळचं ताजं डोकं गणिताला, डबा खाल्ल्यानंतरचं पेंगुळलेलं चित्रकलेला. तास 35 मिनिटांचा आणि वर्गात 60 मुलं धरू. पाण्याचे डबे भरणं, सांडणं, पुसणं, 'सर, याने माझा ब्रश घेतला' हे सगळं वजा करून हाताशी 25 मिनिटं उरतात. एका मुलाच्या वाट्याला 25 सेकंद. तेवढ्यात चित्र पाहायचं, काय जमलंय ते सांगायचं, काय बघायचं राहिलंय ते दाखवायचं. डॉक्टरही नाडी याहून जास्त वेळ धरतो.

हे तास होतात असं मानलं तर! पहिली चाचणी जवळ आली की गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये हळूच विचारतात, 'सर, तुमचा सातवी ब चा तास घेऊ का? पोर्शन राहिलाय.' नाही म्हणणं कठीण असतं. बाई भल्या असतात, पोर्शन खरंच राहिलेला असतो, आणि सर नाही म्हणाले तर मुख्याध्यापक 'अहो, द्या ना' म्हणणारच असतात. दुसरीकडे एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांच्या ऑफ तासावर सगळ्यात आधी नाव पडतं ते ड्रॉइंगच्या सरांचं. ते मोकळेच असतात! म्हणजे स्वतःचा तास दुसऱ्याला, आणि दुसऱ्याचा तास सांभाळायला पुन्हा आपणच. त्या ऑफ तासात 'चित्र काढा' म्हटलं तर मुलांकडे वही नसते. चित्रकलेची वही त्या वाराला आणायची नसते ना.

वही नसण्याचे प्रकारही बरेच आहेत. वही आहे, रंग नाहीत. रंग आहेत, पण ब्रश दिवाळीत पणत्या रंगवताना गेला. खडूंची पेटी आहे, त्यातला निळा आणि हिरवा संपलेला, पांढरा अखंड. हा अखंड पांढरा खडू पाहून कुठलाही जाणता शिक्षक सांगेल की या मुलानं वर्षभर तेच एक चित्र काढलंय. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर कौलारू घर, नारळाचं झाड आणि आभाळात इंग्रजी 'व्ही'सारखे पक्षी. चाळीत किंवा चौदाव्या मजल्यावर राहणारी, कुठल्याही डोंगरामागून सूर्य उगवताना न पाहिलेली मुलं पिढ्यान् पिढ्या हे चित्र काढत आली आहेत. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, समोरच्या इमारतीला घातलेली निळी ताडपत्री, लोकलच्या दारातली गर्दी 'निसर्गचित्र' या शीर्षकाखाली बसत नाही म्हणून ती वहीत येत नाही. कलाशिक्षकाची निम्मी कारकीर्द या दोन डोंगरांशी झुंजण्यात जाते, आणि बरेचदा डोंगर जिंकतात.

कायद्याच्या भाषेत या शिक्षकाची जागा कुठे आहे हे पाहिलं की वेळापत्रकाचं कोडं थोडं उलगडतं. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक किती आणि कुठले ते लिहिलं आहे. विज्ञान-गणिताला किमान एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक. शंभरहून अधिक मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव या तिन्हींसाठी 'अंशकालीन निदेशक'. म्हणजे इतर सगळे शिक्षक, आणि हे निदेशक, तेही अर्धवेळ. त्याच्या पाचच वर्षं आधी, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्ये, दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा अशी शिफारस झाली होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंतच पाडा असं म्हटलं. धोरणं लिहिणाऱ्यांना कला फार प्रिय आहे. पदं मंजूर करणाऱ्यांपर्यंत ते प्रेम पोचत नाही.

महाराष्ट्रात 2 मे 2012 च्या शासन निर्णयानं शिक्षकभरती थांबवली. नंतर शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, भरती अडखळत सुरू झाली, पण निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाची जागा रिकामी राहण्याचं दुखणं अनेक शाळांत तसंच राहिलं. जो लागतो तो आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. त्याचं मानधन 2023 पर्यंत प्राथमिकला महिना 6,000 आणि माध्यमिकला 8,000 रुपये होतं. त्या वर्षी ते 16,000 आणि 18,000 झालं. विनाअनुदानित शाळांत याला काही धरबंध नाही. तिथे 'आर्ट टीचर' ही बहुतेक करून बाई असते, करारावर असते आणि मे महिन्यात तिचा पगार होईल की नाही हे तिला एप्रिलपर्यंत ठाऊक नसतं. तिच्या वर्गात मात्र रंग, कागद, बेसिन सगळं असतं, कारण शाळेच्या माहितीपत्रकावर रंगानं माखलेल्या हातांचा फोटो लागतो.

या धंद्यात येतात कोण? बारावीनंतर ए.टी.डी., म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, करून आलेली मुलं-मुली. काहींनी पुढे ए.एम. केलेलं, काहींनी जी.डी. आर्ट. बरेचजण गावाकडून आलेले, भिंती आणि ट्रकच्या पाट्या रंगवत शिकलेले. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या आवारात आपलंही प्रदर्शन लागेल असं कधीतरी वाटलेलं असतं. शाळेत लागल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ते रविवारी लँडस्केप करायला बाहेर पडतात, नंतर रविवारी खासगी क्लास सुरू होतो. जे टिकून राहिले त्यांची उदाहरणं मात्र दणदणीत आहेत. बेळगावचे के. बी. कुलकर्णी शाळेत चित्रकला शिकवत आणि 'चित्रमंदिर' चालवत. रवी परांजपे त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्याही आधी इंदुरात देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतून ना. श्री. बेंद्रे, एम. एफ. हुसेन आणि विष्णू चिंचाळकर बाहेर पडले. अशा मास्तरांचं नाव चित्रांच्या बाजारात येत नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या परिचयपत्रात पहिल्या ओळीत येतं.

वर्षातले काही आठवडे मात्र हवा पालटते. ग्रेड परीक्षा. शासकीय रेखाकला परीक्षा हे तिचं कागदोपत्री नाव, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हे तिचे दोन टप्पे, आणि घेणारं कला संचालनालय. साधारण सप्टेंबरअखेरीस दोन्हींचे प्रत्येकी चार पेपर होतात. जुलैपासून सर सकाळी सात वाजता वर्ग उघडतात. वस्तुचित्रासाठी घरची किटली, तांब्या, वांगी, कांदे पिशवीतून येतात, संध्याकाळी त्यातली वांगी घरी परत जातात. ऑनलाइन अर्ज, फी गोळा करणं, नावातल्या चुका दुरुस्त करणं, शाळा केंद्र असेल तर बाकांची मांडणी आणि पाण्याच्या बादल्या हे सगळं त्यातच. आणि या आठवड्यांत गणिताच्या बाईंकडून तास मागून घेण्याची पाळी कधी नव्हे ती सरांची असते.

ही परीक्षा कुठून आली ते पाहण्याजोगं आहे. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. 1865 मध्ये लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. मागे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची पद्धत होती. रेषेची शिस्त, समोर ठेवलेली वस्तू मापात काढणं, भूमिती, नक्षी, स्मरणानं रेखाटन, असं सगळं पायरीपायरीनं. कारखान्यांना, बांधकाम खात्याला नेमका हात असलेली माणसं हवी होती, त्यासाठीचं हे शिक्षण. आजच्या ग्रेड परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन का असतं, त्याचं उत्तर तिथे आहे. कर्तव्यभूमितीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण कंपास आणि कर्कटक घेऊन बसलेल्या मुलाचा हात त्या दोन महिन्यांत खरोखर सुधारतो, हेही खरं.

घोळ झाला तो गुणांनी. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. आधी अ श्रेणीला 15, ब ला 10, क ला 5 ठरले होते, पुढे ते 7, 5 आणि 3 झाले. या सात गुणांनी कलाशिक्षकाला आयुष्यात पहिल्यांदा पालक भेटायला आणले. ज्यांनी पाचवीपासून कधी चित्रकलेची वही उघडून पाहिली नव्हती, ते आठवीत 'सर, ए ग्रेड यायला काय करावं लागेल?' असं विचारू लागले. कोरोनाच्या वर्षी परीक्षा झाली नाही, 2021 च्या दहावीला हे गुण द्यायचे नाहीत असं ठरलं, तेव्हा पालक आणि कलाशिक्षक दोघेही संतापले. पण दुखणं दोघांचं वेगळं होतं. पालकांचे सात गुण गेले होते, शिक्षकाच्या हातून मुलांना वर्गात खेचून आणणारा एकुलता एक दोर सुटला होता.

आणि त्या दोरानं काय खेचून आणलं? स्मरणचित्राचा पेपर पाहा. शब्दाप्रमाणे त्यात मुलानं स्वतः पाहिलेलं आठवून काढायचं. बाजार, रेल्वेचा फलाट, गणपतीची मिरवणूक, बागेतली मुलं, पावसातला बसथांबा. विषय मोजके, फिरून फिरून येणारे. त्यामुळे खासगी क्लासांनी त्यांचे साचे तयार केले. भाजीवाली डावीकडे, छत्रीखाली. समोर पाठमोरी बाई, हातात पिशवी, कारण पाठमोरीचा चेहरा काढावा लागत नाही. उजवीकडे कडेवर मूल घेतलेला माणूस. मागे दोन फिकट इमारती. निबंधासारखं हे पाठ होतं, आणि एकाच क्लासच्या चाळीस मुलांच्या कागदांवर तीच बाई तीच पिशवी घेऊन उभी राहते. रोज संध्याकाळी दादरच्या फुलबाजारातून किंवा पुण्याच्या मंडईतून घरी जाणारं मूलसुद्धा बाजार काढतं तो क्लासमधला. शाळेतला शिक्षक हे ओळखतो. पण साचा मोडून स्वतःचं काढायला लावलं आणि मुलाला क श्रेणी मिळाली, तर सात गुणांचा हिशेब पालक त्यालाच विचारणार. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस तोही मान खाली घालून म्हणतो, 'बरं, ती पाठमोरी बाई काढा.'

या परीक्षेवर कलाशिक्षकांतही दोन तट आहेत आणि दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं आहे. परीक्षा बंद केली तर विषयाचा शेवटचा आधार जाईल, आणि चालू ठेवली तर विषयाच्या नावाखाली घोकंपट्टी चालेल. मधला मार्ग कुठे असेल तर तो प्रश्नपत्रिकेत आहे. शहरातल्या मुलाला त्याच्या जिन्याचं, त्याच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचं, त्याच्या शाळेच्या व्हरांड्याचं चित्र काढायला सांगितलं तर साचे विकणाऱ्यांची पंचाईत होईल. तपासणाऱ्यांना मात्र थोडे कष्ट पडतील.

मूल्यमापनाचा दुसरा टोकाचा प्रकार पाचवी ते आठवीत दिसतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना लेखी परीक्षा नको, वर्षभराच्या आकारिक नोंदींवर श्रेणी द्यावी, असं ठरलं. विचार उत्तम होता. आता बारा तुकड्या शिकवणाऱ्या शिक्षकाकडे 720 मुलं असतील, तर दर सत्राला 720 मुलांबद्दल वर्णनात्मक नोंद करायची. 'रंगसंगतीची जाण आहे.' 'चित्रात नीटनेटकेपणा आहे.' 'कल्पकतेने मांडणी करतो.' अशा तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांच्या गटांवर फिरतात, ती आलटून पालटून नोंदवहीत उतरतात, आणि निकालपत्रकावर सगळ्यांनाच अ. त्यात खरोखर वेगळं पाहणारं, मागच्या बाकावर गुपचूप रेषा ओढत बसणारं जे एक पोर असतं, त्यालाही तोच अ मिळतो.

उरलेला वेळ स्पर्धा खातात. ऊर्जा बचत, पाणी बचत, प्लास्टिकमुक्ती, मतदार जागृती, हर घर तिरंगा, व्यसनमुक्ती. दर महिन्याला कुठून तरी पत्र येतं, 'किमान इतकी चित्रं पाठवावीत', शेवटची तारीख परवाची. मुलं काय काढणार? अश्रू ढाळणारी पृथ्वी, गळणारा नळ, एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला वाळलेलं झाड. सरकारी चांगुलपणाचे हे दोन डोंगर. पत्र पाठवणाऱ्या कार्यालयाला चित्रांपेक्षा संख्या हवी असते, आणि फोटो. एक अपवाद सांगायला हवा. मुंबई महापालिका जानेवारीत शहरातल्या उद्यानांमध्ये 'माझी मुंबई' ही बालचित्रकला स्पर्धा भरवते. हजारो मुलं गवतावर बसून आपल्या शहराची चित्रं काढतात. त्या सकाळी वेगवेगळ्या शाळांचे कलाशिक्षक एकमेकांना भेटतात, आणि आपली मुलं चार भिंतींबाहेर बसली की कशी वेगळी काढतात, ते पाहतात.

बाकी भार तर सगळ्याच शिक्षकांवर असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं म्हटलंय. पण निवडणुकीला कुणाला मोकळं करायचं हा प्रश्न शाळेत आला की दहावीचं गणित शिकवणाऱ्याला वाचवलं जातं. 'मोकळे' कोण, ते ठरलेलंच आहे.

रंग-कागदाच्या टंचाईवर मात करणारी माणसं याच मुलखाशी नातं सांगणारी होती, हे आजच्या कलाशिक्षकाला कुणी फारसं सांगत नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 ते 1962 अशी अठरा वर्षं वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये मुलांना कला शिकवत होते. मुलांना नकलेसाठी नमुना न देता त्यांच्या रोजच्या जगण्यातून चित्र कसं येतं, हे त्यांनी तिथे पाहिलं आणि पुढे पुस्तकात मांडलं. इंदूरच्या चिंचाळकर गुरुजींनी तर वाळलेली पानं, काटक्या, तुटक्या वस्तू यांतून माणसं, पक्षी, गणपती उभे केले. त्यांच्या पद्धतीला पैसा लागत नव्हता, लागायचा तो वेळ. पान हातात घेऊन दहा मिनिटं नुसतं फिरवून पाहायचा. 25 सेकंदांत ते होत नाही.

तरीही काही शिक्षक करतात, हेही लिहायला हवं. कुणी दोन तास जोडून मागून घेतो, म्हणजे 70 मिनिटं सलग मिळतात. कुणी पाण्याचा घोळ टाळायला महिनाभर फक्त पेन्सिल आणि कोळसा चालवतो. कुणी आठवीच्या मुलांना शाळेच्या गच्चीवर नेऊन समोरच्या वस्तीचे पत्रे काढायला लावतो. यातल्या कशालाही शासन निर्णय लागत नाही, मुख्याध्यापकांची मान हलली की पुरतं.

पालकांना एकच सांगणं. जूनमध्ये मुलाच्या वहीत वेळापत्रक उतरून येईल, त्यात चित्रकलेचे किती तास आहेत ते मोजून ठेवा. डिसेंबरच्या पालकसभेत वर्गशिक्षकांना भेटून झालं की ड्रॉइंगच्या सरांना किंवा बाईंनाही शोधा, बहुधा ते स्नेहसंमेलनाच्या पडद्यापाशी सापडतील, आणि त्यातले प्रत्यक्षात किती तास झाले ते विचारा. मग तोच आकडा मुख्याध्यापकांना, सभेत, सगळ्यांसमोर विचारा. हा प्रश्न कलाशिक्षकाला स्वतःहून विचारता येत नाही, तुम्हाला येतो.